मुलांची जीभ आणि इंग्रजीचे उच्चार

मुलांना इंग्रजीतले सुटे ध्वनी नीट उच्चारायला कसे शिकवावे, हा विषय या पानांवर कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. इथे साहित्याची, चळवळीची, धर्मांतरानंतरच्या जाणिवांची चर्चा होते. उच्चार हा तर शिकवणीवर्गवाल्यांचा धंदा. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या शाळांत चोवीस वर्षे इंग्रजी शिकवल्यानंतर माझे मत बदलले आहे. ज्या समाजाच्या जिभेवर शतकानुशतके पहारा होता, त्या समाजाच्या मुलाने कोणता ध्वनी कसा काढावा आणि तो बरोबर की चूक हे कोणी ठरवावे, हा आपलाच प्रश्न आहे. शिवाय तो परिसंवादात सुटणारा नाही. चौथीच्या वर्गात, फळ्यासमोर उभे राहून, पस्तीस मिनिटांच्या तासात तो सोडवावा लागतो.

आधी माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी तेव्हा पाचवीत होतो. गाव हिंगणघाट तालुक्यातले. आमच्या घरी, आमच्या मोहल्ल्यात, आणि खरे सांगायचे तर सगळ्या गावातच, पाण्याला ‘पानी’ म्हणत, डोळ्याला ‘डोया’, शाळेला ‘शाया’. ही वऱ्हाडी-नागपुरी बोलीची रीत आहे. ग्रियर्सनने १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या मराठीच्या पाहणीखंडातही या बोलीची नोंद आहे. पाटलाच्या वाड्यातही ‘पानी’च पीत. पण मराठीच्या तासाला गुरुजींनी धडा वाचायला मला उभे केले, मी ‘पानी’ वाचले, आणि त्यांनी तेच एक वाक्य माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतले. दर वेळी माझी जीभ ‘न’वरच येऊन थांबे. वर्ग हसत होता. हसणाऱ्यांतले बहुतेक जण घरी गेल्यावर ‘पानी’च मागणार होते. शेवटी गुरुजी म्हणाले, ‘बस खाली. तुमच्या लोकांच्या तोंडात ण बसतच नाही.’ पाटलाच्या पोराने तसेच वाचले असते तर ती चूक झाली असती. माझ्या तोंडून आली म्हणून ती जात ठरली.

त्याच वर्षी आमचे इंग्रजी सुरू झाले. तेव्हा ते पाचवीपासून असे. आणि एक नवल घडले. इंग्रजीच्या तासाला कोणी कोणाला हसेना. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांत फरक आहे हे वर्गात कोणालाच ऐकू येत नव्हते. बामणाच्या पोराला नाही, कुणब्याच्या पोराला नाही, मला नाही, आणि आज मागे वळून पाहता वाटते, गुरुजींनाही नाही. सगळ्यांच्या जिभा एकाच रेषेवर उभ्या होत्या. इंग्रजी ही वाघिणीचे दूध वगैरे असल्याचे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. या तासाला आपण इतरांसारखेच अडाणी आहोत, एवढेच सुख होते, आणि तेही फार मोठे होते.

उच्चाराचे शास्त्र या देशाला परके नाही, हे इथे सांगायला हवे. आपली वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशाच आहे. क-वर्ग घशाकडचा, च-वर्ग टाळूचा, ट-वर्ग मूर्ध्याचा, त-वर्ग दातांचा, प-वर्ग ओठांचा. आतून निघून पायरी पायरीने बाहेर यायचे. रोमन लिपीच्या एबीसीडीत असला कोणताही क्रम नाही. जीभ कुठे टेकते, श्वास किती सुटतो, घोष कोणता आणि अघोष कोणता, याचा बारीक विचार प्रातिशाख्यांत आणि शिक्षाग्रंथांत झाला. तो झाला वेदपठणात बिघाड होऊ नये म्हणून. आणि त्याच परंपरेतल्या गौतम धर्मसूत्राने वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळवलेले कथील किंवा लाख ओतावी आणि वेद उच्चारणाऱ्याची जीभ छाटावी असा दंड सांगितला. जिभेचा इतका अभ्यास करणारे आणि जीभ छाटायला सांगणारे एकाच घरातले!

म्हणून हे शास्त्र टाकून द्यावे, असे मी म्हणणार नाही. विहीर कोणी खणली याने पाणी बाटत नाही, हे चवदार तळ्यानंतर आपल्याला कोणी शिकवायला नको. तोंडाचा हा नकाशा आपणही वापरावा. १८८६ साली पॅरिसमध्ये काही भाषाशिक्षकांनी एकत्र येऊन जी संस्था काढली आणि जी आज आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटना म्हणून ओळखली जाते, तिचाही मूळ हेतू शाळेतल्या मुलांना परक्या भाषेचे, विशेषतः इंग्रजीचे, उच्चार शिकवणे सोपे व्हावे हाच होता. उच्चारशास्त्राचा एक उगम यज्ञमंडपात आहे, तर दुसरा शाळेच्या वर्गात. आपण दुसऱ्याशी नाते सांगावे.

वर्ध्याचा आणि इंग्रजीचा संबंध आणखी एका कारणाने ध्यानात ठेवावा लागतो. १९३७ च्या ऑक्टोबरात, २२ आणि २३ तारखेला, वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाच्या भोवती गुंफलेले, असे तिचे ठराव होते. पुढे झाकीर हुसेन समितीने अभ्यासक्रम केला. जगाने तिला ‘वर्धा योजना’ म्हटले, आपण नई तालीम म्हणतो. या सात वर्षांत इंग्रजीला जागा नव्हती. मॅट्रिकपर्यंतचे सगळे ज्ञान, त्यातून इंग्रजी वजा आणि त्यात हस्तव्यवसाय जमा, असा गांधीजींचा हिशेब होता. तो त्यांनी मांडला ‘हरिजन’ या साप्ताहिकातून, आणि ते साप्ताहिक निघत होते इंग्रजीत.

मातृभाषेतून शिक्षण हा विचार मला मान्य आहे. मी स्वतः मराठी शाळेचा मास्तर आहे. पण ज्यांच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या कामच काम होते आणि जिभेला बंदी होती, त्यांच्या मुलांना पुन्हा हाताचेच शिक्षण देण्यात काय खटकते, हे त्या परिषदेला जाणवलेले दिसत नाही. सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. बाबासाहेबांनी जगापुढे आपली बाजू इंग्रजीतून मांडली. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. पुस्तके आली, चित्रे आली. पण तोंडातून ध्वनी कसे काढून घ्यायचे हे मला तरी कोणी शिकवले नव्हते. जे पुढे लिहितो ते चुकत माकत शिकलेले आहे.

पहिली अडचण अक्षरांच्या नावांची. आपण ‘क’ला ‘क’ म्हणतो. नाव आणि ध्वनी एकच. इंग्रजीत तसे नाही. ‘सी, ए, टी, कॅट’ असा घोष सगळ्या शाळांतून चालतो, पण ‘सी’ या नावात ‘क’ कुठे आहे? ‘एच’च्या नावात ‘ह’ नाही. ‘डब्ल्यू’च्या नावात तर त्याच्या ध्वनीचा मागमूसही नाही. मूल नावे पाठ करते आणि नवा शब्द समोर आला की गप्प होते. तेव्हा नावे मागाहून, ध्वनी आधी. पण ध्वनी शिकवतानाही आपण मराठी माणसे एक घोळ घालतो. ‘क-ॲ-ट’ असे म्हणताना प्रत्येक व्यंजनाला ‘अ’ची शेपटी लावतो, आणि मुलाच्या तोंडून ‘कअॅटअ’ असे काहीतरी निघते. यावर उपाय आपल्याच लिपीत आहे: पाय मोडलेले अक्षर. क्, ट्, प्. मुलांना सांगावे, ‘घर’ म्हणा. शेवटी ‘र’ म्हणालात की ‘र्’? ‘र्’च. मराठी बोलताना शेवटचा ‘अ’ आपण रोज गिळतो, फक्त लिहीत नाही. ही गोष्ट मुलांना एकदा दाखवली की ती तिथून सुटे व्यंजन उचलतात.

दुसरे सूत्र मला योगायोगाने सापडले, आणि माझ्या सगळ्या शिकवण्यात तेच सर्वांत उपयोगी पडले. इंग्रजीतले जे व्यंजनध्वनी मराठीत नाहीत, त्यांतले बहुतेक असे आहेत की ते श्वास संपेपर्यंत लांबवता येतात. त्यांच्या जागी आपण जे वापरतो, ते लांबवता येत नाहीत. ‘फळ’चा ‘फ’ दोन्ही ओठ मिटून म्हणा: एकदा ओठ उघडले की ध्वनी संपला. इंग्रजी ‘एफ’चा ध्वनी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा सोडत राहिले की दहा अंक मोजेपर्यंत चालतो. ‘थाळी’चा ‘थ’ लांबत नाही. ‘थिंक’चा इंग्रजी ध्वनी जिभेचे टोक दातांत धरून लांबवता येतो. ‘जाळे’चा ‘ज’ लांबत नाही; ‘झेड’चा ध्वनी भुंग्यासारखा चालू राहतो. मग वर्गात स्पर्धा लागते, कोणाचा ध्वनी जास्त टिकतो. या स्पर्धेत गणितात नापास होणारी पोरे जिंकतात. कबड्डी खेळून त्यांचा दम वाढलेला असतो.

‘झेड’बद्दल थोडे अधिक, कारण त्यात आपण फार फसतो. आपण तो ‘झ’ने लिहितो आणि ‘झाडा’तला ‘झ’ काढतो. युक्ती अशी: गळ्यावर हात ठेवून ‘सऽऽ’ म्हणायचे. हाताला काही लागत नाही. जीभ जराही न हलवता आता गळ्यातून गुणगुणायचे. हाताला कंप जाणवतो, आणि तोंडातून जे निघते तोच ‘झेड’चा ध्वनी. हा ध्वनी फक्त झेब्र्यासाठी आणि झूसाठी शिकायचा असेही समजू नये. ‘इज’, ‘वॉज’, ‘हॅज’ या शब्दांच्या शेवटी लिहिलेले असते ‘एस’, पण ऐकू येतो हाच. ‘डॉग्ज’मध्येही हाच. इंग्रजीचे एक पान वाचायचे तर तो वीसपंचवीस वेळा लागतो. मराठी मुलाला एका अक्षराचे दोन ध्वनी ही काही नवी गोष्ट नाही. आकड्यातला ‘चार’ आणि बैलाचा ‘चारा’, अवघे ‘जग’ आणि ‘तू जग’ यांतले च आणि ज एकाच अक्षराने लिहिले तरी उच्चारात वेगळे आहेत. ते त्याला कोणी शिकवलेले नसते. ते तो आईच्या कडेवर शिकतो.

साधने म्हणाल तर आमच्या जिल्ह्यात फुकट मिळणारे एक आहे: कापूस. बोंडातून काढलेला एक हलका पुंजका तळहातावर ठेवायचा, हात तोंडासमोर धरायचा. ‘प’ म्हटले की पुंजका जेमतेम हलतो, ‘फ’ म्हटले की उडतो, ‘एफ’चा ध्वनी काढला की थरथरत राहतो. नई तालीमने याच कापसाच्या पेळूवर मुलांना सूत कातायला शिकवले. त्याच कापसावर मी इंग्रजी शिकवतो, हा विचार मनात आला की मला जरा हसू येते. दुसरे साधन आरसा. हातात मावेल एवढा, आठवडी बाजारात मिळणारा. मुलाने स्वतःच्या तोंडात पाहिले पाहिजे; मास्तरच्या तोंडाकडे पाहून ते शिकत नाही, भिते.

‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांचा धडा मी जिल्ह्याच्या नावावरून घेतो. वर्धा इंग्रजीत ‘डब्ल्यू’ने लिहितात. वाशीम, वणी, वेणा नदी, सगळे ‘डब्ल्यू’ने. पण विदर्भ ‘व्ही’ने. आपण तर सगळीकडे तोच एक ‘व’ म्हणतो. साहेबाच्या कानाला एकदा एक वाटले, एकदा दुसरे. आपला ‘व’ त्या दोघांच्या मधला आहे. दात ओठाला जरासा लागतो, पण दाबत नाही. दाबून घासला की ‘व्ही’. दात सोडून, चुलीत फुंकणी मारताना करतो तसे ओठ गोल केले की ‘डब्ल्यू’. फुंकणी आता घराघरांत राहिली नाही, पण फुगा फुगवताना ओठ तसेच होतात.

स्वरांकडे मात्र व्यंजनांहून अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. आमच्याकडची मुले ‘बॅट’ला ‘ब्याट’ म्हणतात, ‘मॅच’ला ‘म्याच’. ‘पेन’ आणि ‘पॅन’ यांत घोटाळा होतो. बोटांचे माप इथे कामी येते. ‘ई’ म्हणताना दातांत करंगळीचे टोकही जात नाही, ‘ए’ला एक बोट जाते, ‘ॲ’ला आडवी दोन बोटे. जबडा तेवढा खाली आला की ‘या’ आपोआप गळून पडतो. आणि ‘शिप’–‘शीप’. एक जहाज, एक मेंढी. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक इंग्रजीत खरोखर कानाला ऐकू येतो आणि अर्थ बदलतो. मराठीत तो बोलण्यात फारसा उरलेला नाही. तो राहिला आहे शुद्धलेखनाच्या नियमांत, १९६२ साली जे ठरले आणि १९७२ साली ज्यांत भर पडली त्या अठरा नियमांत. माझ्या पिढीतल्या किती मुलांचे श्रुतलेखनाचे गुण या न ऐकू येणाऱ्या वेलांट्यांनी खाल्ले! जे कानाला ऐकू येत नाही त्यासाठी मार, आणि जे येते ते शिकवायला कोणी नाही, अशी आमच्या शिक्षणाची तऱ्हा होती.

‘इस्कूल’ आणि ‘इस्टेशन’ यांचे औषध सोपे आहे. ‘स’ लांबवता येतो. साप फुत्कारतो तसा लांबवायचा आणि मग ‘कूल’ जोडायचे. पुढचा ‘इ’ जिभेला आधार म्हणून आलेला असतो. आधार लागेनासा झाला की तो जातो. ‘श’ आणि ‘स’ यांचे तसे नाही. ‘शी’ म्हणजे ती, ‘सी’ म्हणजे पाहणे. ज्यांच्या घरी ‘साळा’, ‘सिकवन’ असे बोलतात त्यांची मुले इथे अडतात. हा ‘श’ आणि ‘स’ जगात रक्ताचा ठरलेला आहे. बायबलातल्या जुन्या करारात गोष्ट आहे: यार्देन नदीच्या उतारावर पळून जाणाऱ्या एफ्राइमी लोकांना ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावीत. ज्याच्या तोंडून ‘सिब्बोलेथ’ निघे त्याला तिथेच मारीत. बेचाळीस हजार माणसे मेली, असे तो ग्रंथ सांगतो. आपल्याकडे श-सने माणूस मरत नाही, त्याची नोकरीची मुलाखत मरते.

इथपर्यंत तंत्र झाले. आता जे माझ्या हातून घडले ते सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. वडील जिनिंगवर हमाली करणारे, आई निंदणीला जाणारी. मुलगी तल्लख. एके दिवशी मोठ्याने वाचताना ती ‘इस्कूल’ म्हणाली. मी तिला थांबवले आणि ती म्हणाली तसेच, ‘इ’ जरा ओढून, म्हणून दाखवले. वर्ग हसला. मीही हसलो. माझा हेतू वाईट नव्हता. हेतू त्या गुरुजींचाही कदाचित वाईट नसेल. त्या दिवसानंतर ती मुलगी दोन महिने वर्गात मोठ्याने वाचली नाही. प्रश्न विचारला की पाटीवर उत्तर लिहून दाखवी. उत्तर बरोबर असे.

त्या दोन महिन्यांत मी बरेच वाचले. ज्याला आपण शुद्ध इंग्रजी उच्चार म्हणतो तो मुळात आहे कोणाचा? डॅनियल जोन्स या ध्वनिशास्त्रज्ञाने १९१७ साली उच्चारांचा प्रसिद्ध कोश केला. त्यात त्याने आधाराला घेतलेली भाषा दक्षिण इंग्लंडातल्या, मुलांना महागड्या निवासी शाळांत पाठवणाऱ्या घरांची होती, आणि तसे नावही त्याने तिला दिले होते. पुढे १९२६ च्या आवृत्तीत ते नाव जाऊन ‘मान्य उच्चार’ अशा अर्थाचे नाव आले. ‘कोणाचा’ हे नावातून पुसले गेले की ‘शुद्ध’ उरते, हे आपल्याला पुण्याच्या मराठीवरून माहीत आहेच. शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधली फुले विकणारी पोर ज्या उच्चारांपायी हिणवली जाते, ते लंडनच्या गरीब वस्तीचे उच्चार आहेत. पु. ल. देशपांड्यांनी त्यावरून १९७५ साली ‘ती फुलराणी’ आणली. नाटक मोठे आहे, यात वाद नाही. पण मी ते पाहिले तेव्हा भोवतीचे प्रेक्षक जिथे जिथे हसत होते, तिथे तिथे मला माझी आई बोलताना ऐकू येत होती.

तेव्हा बरोबर उच्चार म्हणजे काय? माझ्यापुरते मी असे ठरवले आहे: ज्याने अर्थ बदलतो तो ध्वनी शिकवायचा आणि घासून घासून शिकवायचा. ज्याने फक्त बोलणाऱ्याचे गाव कळते, त्याच्या मागे लागायचे नाही. ‘शिप’–‘शीप’, ‘पेन’–‘पॅन’, ‘शी’–‘सी’ हे पहिल्या यादीत. ‘थिंक’चा ‘थ’ आपल्या ‘थाळी’तला आला तर काही बिघडत नाही. तो ‘ट’ होऊ नये एवढे पाहावे, म्हणजे ‘थिन’ आणि ‘टिन’ वेगळे राहतात. तो ध्वनी खेळ म्हणून घ्यावा. मुले जीभ दातांत धरतात, थुंकी उडते, हशा पिकतो. मी उडू देतो. पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडके बांधून हिंडावे लागे, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात त्या मडक्याचा उल्लेख केला आहे. आमची पोरे ध्वनी शिकताना मोकळेपणी थुंकी उडवतात, याचे मला मनातून बरे वाटते. ‘ट’ आणि ‘ड’ यांचेही तसेच. इंग्रजांची जीभ त आणि ट यांच्या मध्ये, दातांमागच्या हिरडीवर टेकते. आपली थोडी मागे टेकली म्हणून अर्थ जात नाही.

सुट्या ध्वनींपेक्षा शब्दातल्या आघाताने समजण्यात अधिक घोळ होतो, हेही मोठ्या वर्गांच्या शिक्षकांनी ध्यानात घ्यावे. हैदराबादच्या इंग्रजी संस्थेतले आर. के. बन्सल यांनी भारतीयांचे इंग्रजी परक्यांना कितपत समजते याचा जो अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला, त्यात या आघाताच्या चुका ठळकपणे पुढे आल्या. पण चौथीपर्यंत मी त्यात शिरत नाही.

त्या मुलीकडे परत येतो. एके दिवशी मी वर्गाला सांगितले की, इंग्रज साहेबाला आपल्या जिल्ह्याचे नाव घेता येत नसे. ‘वर्धा’ त्याच्या तोंडून ‘वार्डा’ असे निघायचे. त्याच्या भाषेत ‘ध’ नाही. मुलांना ते पटेना. एवढ्या मोठ्या साहेबाला एवढेसे अक्षर येत नाही? मी म्हटले, मीच साहेब. मला कोण शिकवते? दोघातिघांनी प्रयत्न केला, ते नुसतेच ‘ध, ध’ ओरडत होते आणि मी ‘ड, ड’ म्हणत होतो. मग ती उठली. टेबलावरचा कापसाचा पुंजका तिने माझ्या तळहातावर ठेवला, हात माझ्या तोंडासमोर नेला आणि म्हणाली, ‘जीभ मांगं नका नेऊ सर. दाताले टेकवा. अन् मंग छातीतून हवा सोडा. कापूस उडाले पायजे.’ मी दोनदा मुद्दाम चुकलो. तिसऱ्यांदा कापूस उडाला. साहेबाला ‘वर्धा’ म्हणता आले. वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि त्या तिच्यासाठी होत्या. एखाद्या मराठी मुलाला ‘व्ही’ येत नाही आणि इंग्रजाला ‘ध’ येत नाही, या दोन घटना सारख्याच आहेत, हे व्याख्यान देऊन मला कधी सांगता आले नसते.

पुढच्या आठवड्यापासून ती वाचू लागली. पुस्तक वाचताना ‘स्कूल’ म्हणे, मधल्या सुट्टीत ‘इस्कूल’ आणि घरी ‘शाया’. तिन्ही आपापल्या जागी होते. मी कशालाही हात लावला नाही. तिच्या ‘पानी’लाही नाही. मराठीच्या पेपरात ‘पाणी’ लिहायचे असते हे तिला ठाऊक होते, आणि तेवढे पुरेसे होते.

पाचवीत गेल्यावर एकदा वाचनाच्या तासाला तिने मलाच थांबवले. मी घाईत ‘वॉज’च्या शेवटी सरळ ‘स’ काढला होता. ती जागेवरून उठली नाही, वही मिटलीही नाही.

‘सर,’ ती म्हणाली, ‘गळ्याले हात लावून म्हना.’